बरं वाटणं, बरं होणं आणि डॉक्टरांचं इंग्रजी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि सॉफ्टवेअरबद्दल काहीतरी बोल असं सुचवलं. पण आपल्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला की काय दिसतं? कुणाच्या वडिलांची बायपास, कुणाच्या आईचा गुडघा, तर कुणाचे स्वतःचेच शुगरचे रिपोर्ट. आपण आता अशा वयात आलोय की घरातल्या मोठ्यांची फाईल आपल्या काखेत असते आणि डॉक्टर काय म्हणाले ते आई-बाबांना मराठीत सांगायचं कामही आपल्याकडेच येतं. म्हणून मी विषय बदलून मागितला: आजारपण आणि बरं होणं यांचे इंग्रजी शब्द.

आपलं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. शब्दार्थांच्या वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. त्या वहीत हील म्हणजे बरे करणे, क्युअर म्हणजेही बरे करणे आणि रिकव्हर म्हणजे बरे होणे. परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळाले. दवाखान्यात तेवढं पुरत नाही.

पहिला शब्द ट्रीट. म्हणजे उपचार करणे. यात निकालाची हमी नाही. 'द डॉक्टर ट्रीटेड हिम' एवढ्यावरून पेशंट बरा झाला की नाही ते कळतच नाही. दुसरा क्युअर. यात रोगच जातो. तिसरा हील. याचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे आणि अर्थ 'अखंड करणे'. होल आणि हेल्थ ही त्याचीच भावंडं. म्हणून जखम हील होते, मोडलेलं हाड हील होतं, दुखावलेलं मनही हील होतं. जे तुटलं ते सांधतं. ताप मात्र हील होत नाही, कारण तापात काही तुटलेलं नसतं.

चौथा रिकव्हर. याचा मूळ अर्थ परत मिळवणे. बँकेचा रिकव्हरी विभाग कर्जाची वसुली करतो ना, तोच हा शब्द. आजाराने नेलेली ताकद माणूस वसूल करतो. म्हणून रिकव्हर पेशंटने व्हायचं असतं. 'द डॉक्टर रिकव्हर्ड द पेशंट' म्हटलं तर हरवलेला पेशंट डॉक्टरांनी शोधून आणला असं वाटेल! रिक्युपरेट हा त्याच लॅटिन मुळाचा दुसरा फाटा. त्यात विश्रांती घेऊन हळूहळू अंग भरून येणं असतं. घरातल्या मुलांना पाठ करायला सांगा: ट्रीट फॉर, क्युअर ऑफ, रिकव्हर फ्रॉम. माणसाला आजारासाठी ट्रीट करतात, आजारातून क्युअर करतात आणि आजारातून रिकव्हर तो स्वतः होतो. मराठीत दोन्हीकडे 'तून' आलं, तरी इंग्रजीत शब्दयोगी बदलतो.

इंग्रजीत बारकावे आहेत आणि मराठीत सगळं एकाच 'बरं होणं'त कोंबलेलं आहे, असं समजू नका. आपल्या आज्या काय म्हणायच्या ते आठवा. औषध लागू पडलं. गुण आला. ताप उतरला. दुखण्याला उतार पडला. जखम भरली, खपली धरली. हाड जुळलं. दुखण्यातून उठला. हिंडू-फिरू लागला. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. गुण आला म्हणजे रोग गेला असं आजी कधी म्हणाली नाही. 'ही इज रिस्पॉन्डिंग टू ट्रीटमेंट'ला 'गुण येतोय' इतका नेमका शब्द मला तरी दुसरा सापडलेला नाही. शब्द आपल्याकडे होतेच. शब्दार्थांच्या वहीने ते एका रकान्यात गोळा केले.

आता हे केवळ भाषेचं का नाही ते सांगते. क्षयरोगाचा नेहमीचा कोर्स 6 महिन्यांचा. काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढतं. पेशंटला बरं वाटतं आणि तो गोळ्या सोडतो. उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात, कधी औषधांना दाद न देणारे होऊन. बरं वाटणं आणि बरं होणं यातलं अंतर इथे जिवावर बेततं. म्हणून क्षयरोगाच्या नोंदीत 'क्युअर्ड' आणि 'ट्रीटमेंट कम्प्लीटेड' असे दोन वेगळे निकाल असतात. कोर्स पूर्ण झाला आणि जंतू गेल्याचा तपासणीतला पुरावाही आहे, तर पहिला. कोर्स पूर्ण झाला, पण तसा पुरावा नोंदीत नाही, तर दुसरा.

मधुमेहाचंही तसंच. 2021 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने व्याख्या ठरवली: शुगरची औषधं बंद केल्यावर किमान तीन महिन्यांनीही एचबीएवनसी 6.5 टक्क्यांच्या खाली असेल, तर त्याला रिमिशन म्हणावं. क्युअर म्हटलेलं नाही. रिमिशन म्हणजे आजार मागे हटलाय. तो परत येऊ शकतो, तपासण्या चालू ठेवायच्या. 'मधुमेह कायमचा बरा' अशी जाहिरात दिसली की हा फरक आठवा.

आणि स्टेबल. आयसीयूबाहेर हा शब्द ऐकला की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात. स्टेबल म्हणजे सध्या बिघडत नाहीये, एवढंच. गंभीर असूनही पेशंट स्टेबल असू शकतो.

आमच्या घरातलं सांगते. सासूबाईंना मायलोमा, म्हणजे हाडांच्या मज्जेचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, 'इट इज ट्रीटेबल.' केबिनमधून बाहेर आल्याआल्या मामेसासऱ्यांनी चार फोन लावले, 'बरी होणार म्हणाले डॉक्टर!' मी परत आत गेले आणि विचारलं, 'ट्रीटेबल की क्युरेबल?' डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट सांगितलं: पूर्ण जाणार नाही, पण बरीच वर्षं आटोक्यात ठेवता येईल अशी आशा आहे.

रात्री मी सासूबाईंजवळ बसले. म्हटलं, 'आई, हे जाणारं दुखणं नाही. पण आवरून ठेवता येईल.' त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'म्हणजे माझ्या शुगरसारखं?' म्हटलं, 'तसंच, पण जास्त हट्टी.' दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्शनचे कागद काढायला लावले, नॉमिनेशन तपासलं आणि नणंदेकडे महिनाभर राहायला जायचं ठरवलं. पुढे चार वर्षं मिळाली. मधे छान वाटायचं तेव्हाही त्यांनी एक इंजेक्शन चुकवलं नाही, कारण वाटणं आणि होणं वेगळं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मामेसासरे मात्र प्रत्येक वेळी आजार उलटला की नव्याने कोसळायचे.

थोडं माझ्या धंद्याचं. सर्व्हर बंद पडला आणि आम्ही रीस्टार्ट केला, तर ती ट्रीटमेंट. बॅकअपमधून डेटा परत आणला, ती रिकव्हरी. कोडमधली मूळ चूक काढली, तरच क्युअर. आजकाल सेल्फ-हीलिंग सिस्टिम्स असतात. बंद पडलेला प्रोग्रॅम त्या आपोआप पुन्हा सुरू करतात. पण चूक आत तशीच असेल तर तो पुन्हा पडतो. आणि ज्यांनी घर बांधलंय त्यांना क्युअरिंग माहीतच आहे. स्लॅबवर आळी करून किमान 7 दिवस पाणी धरायचं आणि ताकद 28 दिवसांची मोजायची. वरून स्लॅब दुसऱ्याच दिवशी टणक दिसतो. दिसण्यावर जाऊन पाणी थांबवलं तर पुढे भेगा. क्युअर या शब्दाचं लॅटिन मूळ 'क्युरा', म्हणजे काळजी. मिस्त्री तेच करत असतो.

तेव्हा पुढच्या वेळी फाईल घेऊन केबिनमध्ये जाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. हा आजार जाणारा आहे की आटोक्यात ठेवायचा? बरं वाटलं तरी औषध किती दिवस घ्यायचं? आणि हिंडू-फिरू लागायला साधारण किती काळ? इंग्रजी अडलं तर सरळ मराठीत विचारा. बहुतेक डॉक्टर सांगतात, आपणच विचारत नाही. आणि घरी येऊन सांगताना 'बरं होईल'वर थांबू नका. गुण येईल, उतार पडेल, जखम भरेल की दुखणं जाईल, यातलं नेमकं जे असेल ते सांगा. आई-बाबांना ते पेलतं. अर्धवट आशेपेक्षा पूर्ण वाक्य त्यांना जास्त आधार देतं.

आपल्यातले जे आज आजारपणामुळे येऊ शकले नाहीत, त्यांना लवकर आराम पडो. सर, बाई, तुमची प्रकृती सांभाळा.