प्रवासांतील नवी जोखीम

पूर्वीं प्रवासास निघालेल्या माणसाला घरचीं वडील मंडळी विचारीत, ‘जवळ कांहीं जोखीम आहे का?’ या प्रश्नांतील जोखीम म्हणजे संकट नव्हे. जोखीम म्हणजे मोलाची वस्तु. जिच्यापायीं संकट ओढवतें तिलाच संकटाचें नांव देण्यांत मराठी भाषेनें मोठें चातुर्य दाखविलें आहे. ती जोखीम त्या काळीं कमरेच्या कशांत, नाहीं तर ट्रंकेच्या तळाशीं कपड्यांच्या घड्यांखालीं असे. आजच्या प्रवाशाची जोखीम मोबाईल, लॅपटॉप, कॅमेरा या रूपानें त्याच्याबरोबर चालते, आणि जुन्या जोखमींत व हिच्यांत एक मोठें अंतर आहे. सोनें एकदां दडवून ठेवलें कीं मुक्काम येईपर्यंत त्याला हात लावण्याचें कारण पडत नाहीं. मोबाईल मात्र तिकीट दाखविण्यास, चहाचे पैसे देण्यास, गाडी कोठें आली हें पाहण्यास दर घटकेस बाहेर काढावा लागतो. न दडवितां येणारी अशी ही जोखीम आहे, आणि हें प्रवाशाच्या आधीं चोरानें ओळखलें आहे.

शिवाय ही वस्तु गेली म्हणजे एक नव्हे, तीन चोऱ्या होतात. समजा, नागपूरची एखादी संशोधक विद्यार्थिनी चार वर्षांच्या श्रमाचा प्रबंध लॅपटॉपमध्यें घेऊन पुण्यास आपल्या मार्गदर्शकांकडे निघाली आहे. अकोल्याच्या पुढें तिला डोळा लागतो, आणि मनमाडला जाग येते तेव्हां उशाची पिशवी नाहींशी झालेली असते. चोराला त्या यंत्राचे चार पैसे येतील. प्रबंध त्याच्या लेखीं केरकचरा, तो पुसून टाकल्याखेरीज यंत्र विकतां येत नाहीं म्हणून तो पुसून टाकील. यंत्र गेलें ही पहिली चोरी, आंतील मजकूर गेला ही दुसरी. पिशवींत मोबाईलहि असेल तर तिसरी चोरी अजून व्हावयाचीच असते. कारण मोबाईल ही आतां बँकेची किल्ली झाली आहे. एकदांच वापरावयाचा परवलीचा आंकडा त्याच यंत्रावर येतो, आणि तो हातीं असणारा मनुष्य दूर बसून दुसऱ्याचें खातें रिकामें करूं शकतो.

पहिली चोरी टाळणें पुष्कळदां दैवाच्या हातीं असतें. दुसरी आणि तिसरी मात्र घरबसल्या टाळतां येतात, आणि तेंच नेमकें कोणी करीत नाहीं. बॅगा भरण्यांत दोन दिवस घालविणाऱ्या कुटुंबांत या कामास अर्धा तास निघत नाहीं. मजकुराची एक प्रत घरच्या डिस्कवर किंवा गूगल, ॲपल यांच्यासारख्या संस्थांच्या संग्रहांत ठेवून मगच उंबरठा ओलांडावा. प्रत काढून ती डिस्क त्याच पिशवींत घालणारे विद्वानहि थोडे नाहींत. त्यांनीं प्रत न काढली तरी चालेल. लॅपटॉपला नुसता पासवर्ड घातला म्हणजे आंतील कागदपत्रें सुरक्षित झालीं, ही समजूतहि खोटी आहे. आंतील डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली कीं तीं वाचतां येतात. याकरितां सबंध डिस्क सांकेतिक रूपांत ठेवण्याची सोय विंडोजमध्यें बिटलॉकर व ॲपलच्या यंत्रांत फाइलव्हॉल्ट या नांवानें असते. ती चालू करावी आणि तिची राखीव किल्ली घरीं लिहून ठेवावी.

मोबाईलच्या बाबतींत सिमकार्डाकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. मोबाईलला कितीहि बळकट कुलूप असलें तरी चोर सिमकार्ड काढून आपल्या मोबाईलमध्यें घालतो, आणि मग परवलीचे आंकडे त्याच्याकडे येऊं लागतात. सिमलाच स्वतंत्र गुप्त आंकडा घालतां येतो; तो घातला असतां कार्ड दुसऱ्या यंत्रांत गेल्यावर प्रथम तो आंकडा मागतें, आणि तीन वेळां चुकल्यास बंद पडतें. मग तें उघडण्यास कंपनीकडील निराळा आंकडा लागतो. त्याचप्रमाणें कुलूप लावलेल्या पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसूं नये अशी व्यवस्था करावी. नाहीं तर दाराला कुलूप आणि किल्ली चौकटीला टांगलेली, असा प्रकार होतो.

आणखी दोन गोष्टी कागदावर, होय, साध्या कागदावर, लिहून दुसऱ्या पिशवींत ठेवाव्या. पहिली म्हणजे मोबाईलचा आयएमईआय क्रमांक. हा पंधरा आंकडी असून तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट असें दाबलें कीं पडद्यावर उमटतो. दोन सिमांच्या मोबाईलला असे दोन क्रमांक असतात. दुसरी म्हणजे गूगल खात्याचे राखीव आंकडे. मोबाईल हरवला असतां तो शोधण्यासाठीं दुसऱ्याच्या यंत्रावरून खात्यांत शिरावें, तर गूगल खात्री करून घेण्याकरितां त्याच हरवलेल्या मोबाईलवर विचारणा करण्याचा संभव असतो! या पेंचांतून सुटण्यासाठीं आठ आंकडी दहा संकेत आधींच काढून ठेवतां येतात. प्रत्येक संकेत एकदांच चालतो.

आतां गाडीकडे वळावें. आगगाडींतील चोर बहुधा धाडसी नसतो, तो सोशीक असतो. तो गाडी सुटण्याची वाट पाहतो. खिडकीशीं बसून बोलणाऱ्या प्रवाशाच्या हातांतील मोबाईल फलाटावरून ओढला जातो तो गाडी हलतांच, कारण तेव्हां मागें धांवणें प्रवाशाला अशक्य असतें. रात्रींचा धोका निराळा. डब्यांत चार्जिंगची जागा आहे म्हणून मोबाईल तेथें लोंबत ठेवून झोंपी जाणें म्हणजे तो दान करण्यासारखें आहे. निजण्यापूर्वींच तो भरून घ्यावा, किंवा लहानशी पॉवर बँक बरोबर ठेवून दोन्ही वस्तु अंगावरच्या कपड्यांत आंतल्या बाजूस घ्याव्या. लॅपटॉपची पिशवी उशाखालीं घेऊन तिचा पट्टा दंडांत अडकवावा. मोठ्या बॅगा बांधण्यासाठीं खालच्या बर्थखालीं कड्या असतात, त्यांना साखळी घालावी. साखळी तोडतां येत नाहीं असें नाहीं, पण तोडतांना आवाज होतो, आणि आवाज चोराला परवडत नाहीं.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत मात्र वस्तूपेक्षां जिवाचा प्रश्न मोठा आहे. तेथें ‘फटका’ या नांवानें ओळखला जाणारा एक प्रकार आहे. रुळांच्या कडेला, गाडीचा वेग मंदावतो अशा जागीं, चोर खांबावर किंवा त्याच्या आडोशास काठी घेऊन उभा राहतो, आणि दारांत मोबाईल हातीं धरून उभ्या असलेल्या प्रवाशाच्या मनगटावर प्रहार करतो. मोबाईल खालीं पडतो, चोर तो उचलून चालता होतो. पण कित्येकदां मोबाईलच्या मागोमाग प्रवासीहि खालीं येतो. अशा फटक्यानें तोल जाऊन, किंवा चोराचा पाठलाग करण्यासाठीं चालत्या गाडींतून उडी टाकून, पाय गमावलेलीं आणि प्राणांस मुकलेलीं माणसें मुंबईनें पाहिलीं आहेत. दारांतील वारा गोड लागतो हें खरें. परंतु तेथें उभें राहून मोबाईल पाहूं नये, आणि तो पडलाच तर पडूं द्यावा. घरीं वाट पाहणाऱ्यांना मोबाईल नको असतो.

विमानप्रवाशाला फारसें सांगावयास नको. सुट्या लिथियम बॅटऱ्या व पॉवर बँका सामानकक्षांत देण्यास मनाईच आहे, त्या जवळ बाळगाव्या लागतात. लॅपटॉप आणि कॅमेरे यांनाहि तोच नियम आपण होऊन लावावा. हॉटेलच्या खोलींतील लहान तिजोरी व्यवस्थापकांस आपल्या राखीव संकेतानें उघडतां येते, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

इतकें करूनहि चोरी झाली तर काय करावें? प्रथम सहप्रवाशाच्या मोबाईलवरून आपल्या खात्यांत शिरून हरवलेल्या यंत्रास दुरून कुलूप घालावें. मग लगेच सिम बंद करवावें आणि बँकेस कळवावें. सिम बंद झालें कीं यंत्राचा ठावठिकाणा कळत नाहीं, म्हणून थोडें थांबावें असा सल्ला कांहीं लोक देतात. तो ऐकूं नये. धांवत्या गाडींतून ठावठिकाणा कळून हातीं कांहीं येत नाहीं, खातें मात्र रिकामें होतें. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ सांगावें. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे, पण गुन्हा नोंदण्याचें काम लोहमार्ग पोलिसांचें. चोरी कोणत्या हद्दींत झाली हें प्रवाशाला ठाऊक नसतें, आणि तें ठाऊक असण्याची गरजहि नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें हद्दीचा विचार न करतां कोणत्याहि ठाण्यांत खबर देतां येते. त्याच दिवशीं अंमलांत आलेल्या न्याय संहितेनें हिसकावून नेणें हा ३०४ व्या कलमांत स्वतंत्र गुन्हा केला आहे, आणि प्रवासी वाहनांतून वस्तु चोरणाऱ्यास ३०५ व्या कलमान्वयें सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. रेल्वेकडून भरपाई मिळण्याची आशा मात्र फारशी धरूं नये. प्रवाशानें स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाबद्दल, रेल्वेच्या नोकराची हयगय किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्याखेरीज रेल्वे जबाबदार नाहीं, असें १९८९ च्या रेल्वे कायद्याचें १०० वें कलम सांगतें. आणि प्रवाशाची रोकड चोरीस जाणें ही रेल्वेच्या सेवेंतील उणीव नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला आहे.

पोलिसांच्या तक्रारीची प्रत हातीं आली म्हणजे त्या पंधरा आंकडी क्रमांकाचा उपयोग. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानें हरवलेल्या मोबाईलची एक मध्यवर्ती नोंदवही ठेविली आहे. तिचा आरंभ सप्टेंबर २०१९ मध्यें दादरा-नगरहवेली, गोवा आणि महाराष्ट्र येथें झाला, आणि मे २०२३ पासून ती ‘संचार साथी’ या नांवानें सर्व देशास खुली झाली. तेथें नोंद केली कीं चोवीस तासांच्या आंत तें यंत्र देशांतील सर्व कंपन्यांच्या जाळ्यांत निरुपयोगी होतें. कोणीं त्यांत दुसरें सिम घालून पाहिलें तर त्याचा माग पोलिसांस लागतो, आणि मोबाईल परत मिळाल्यावर बंदी तेथेंच उठवितां येते. नोंदीसाठीं आपल्या क्रमांकाचें नवें सिम आधीं घ्यावें लागतें. त्यावर संदेश येऊं लागण्यास एक दिवस जातो, म्हणून तें आणण्यास विलंब लावूं नये.

यानंतर कांहीं दिवसांनीं नव्या सिमवर एक गोड संदेश येण्याचा संभव असतो: मोबाईल सांपडला आहे, खालील दुवा उघडून आपला पासवर्ड घाला. आयफोनच्या बाबतींत हें विशेष घडतें, कारण मालकाचा पासवर्ड मिळाल्याखेरीज तो यंत्राचें कुलूप काढून विकतां येत नाहीं. हा संदेश चोराच्या साथीदाराचा असतो. त्या दुव्याला हात लावूं नये, खात्यांतून मोबाईलचें नांवहि काढूं नये, आणि संदेश तसाच नेऊन पोलिसांस दाखवावा. मोबाईल खरोखर सांपडला असेल तर ती वार्ता जेथें तक्रार नोंदली आहे त्या ठाण्यांतून येईल.