मळ्याला जागा देऊ या
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षं आपण ही वास्तू निगुतीनं सांभाळली. आज मी बोलणार आहे ते आपल्या मोकळ्या जागेबद्दल.

आपण घाऊक बाजाराचे शेजारी. १९९६ साली भाजीचा बाजार भायखळ्याहून वाशीला आला. तरी जुन्नर-नाशिकची भाजी ताटात येईपर्यंत वाहतूक, हमाली, अडत, घट आणि किरकोळ नफा जोडला जातोच.

२०१६ साली राज्य सरकारनं बाजार आवाराबाहेरची फळं-भाजीपाला विक्री बाजार समितीच्या नियमनातून मोकळी केली. त्याच वर्षी पणन मंडळाचं संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झालं. सावतोबा पंढरीला गेले नाहीत, विठोबाच त्यांच्या मळ्यात आला, अशी कथा आहे. इथे मळाच गिऱ्हाइकाकडे येतो!

पण परवानगी मिळाली तरी टेम्पो उभा करायचा कुठे? नवी मुंबईत गाळा घेणं शेतकऱ्याला परवडणारं नाही. आठवड्यातून चार तासांची जागा आपल्यासारख्या सोसायट्याच देऊ शकतात. लॉकडाऊनमध्ये, मे २०२० मध्ये वाशीचा बाजार आठवडाभर बंद होता, तेव्हा थेट शेतातून येणाऱ्या भाजीचं मोल सगळ्यांना कळलं.

हरकती मी ऐकल्यात. पार्किंग, कचरा, परके लोक. आणि फाटकाबाहेरच्या भाजीवाल्या मावशींचं काय? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत रास्त वाटतो.

बँकेतल्या सवयीनं अटीच सुचवतो. रविवारी सकाळी ८ ते १२. फक्त नोंदणीकृत शेतकरी गट. वॉचमनच्या वहीत प्रत्येकाची नोंद. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा. पाला-कचरा ज्याचा त्यानं न्यायचा. जागेचं भाडं घ्यायचं नाही. मावशींना आत टेबल द्यायचं. कांदा, बटाटा, लसूण त्यांच्याकडूनच घ्यायचा. सहा महिन्यांनी हिशेब सभेपुढे ठेवायचा. पटलं नाही तर बंद करू.

गावची दूध संस्था आणि आपली सोसायटी, दोन्ही १९६० च्या एकाच सहकार कायद्याखाली नोंदलेल्या. म्हणजे आपण भावकीच की! ठराव येत्या सर्वसाधारण सभेत येतोय. विरोध असला तरी या, पण कोरमअभावी सभा तहकूब होऊ देऊ नका.