गोळीची वेळ



मास्क लावून आलोय, म्हणून गैरसमज नको. माझ्या पोटात धाकट्या बहिणीच्या यकृताचा तुकडा आहे. यकृत पुन्हा वाढतं. तिचं काही महिन्यांत भरून आलं, माझंही वाढलं. विष्णुपुरीच्या वर्गात सरांनी हे शिकवलं, तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं!

पण शरीराला ते परकंच वाटतं. प्रतिकारशक्ती त्याच्यावर चालून जाते. १९६३ साली अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. रुग्ण मोठ्या संख्येनं जगू लागले, ते मात्र पुढे सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस आल्यावर. टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. मी ते दर बारा तासांनी घेतो. प्रतिकारशक्ती दबलेली असते, म्हणून गर्दीत हा मास्क. रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासावं लागतं. वेदनाशामक गोळी किंवा काढाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही.

दुसऱ्या वर्षी 'आता ठणठणीत झालो' म्हणून आठवडाभर गोळ्या सोडल्या. ताप आला, डोळे पिवळे झाले. दवाखान्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं घेऊन यकृत कसंबसं वाचलं. बहीण रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मी दिलेलं जड झालं का?"

तेव्हापासून एकही वेळ चुकलेली नाही. म्हणून रात्री आठला माझा मोबाइल वाजला, तर हसू नका. शाळेची घंटा झाली समजा आणि कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे करा.