होर्डिंगवरची अम्मा



१९८१ साली ‘चक्र’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा त्याची होर्डिंग्ज झळकली ती आंघोळ करणाऱ्या स्मिता पाटीलच्या चित्राची. चित्रपट जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, रवींद्र धर्मराज यांनी केलेला, मुंबईच्या झोपडपट्टीतला. त्यातली अम्मा उघड्यावर आंघोळ करते, कारण तिच्या खोपटात न्हाणीघर नाही. पडद्यावर तिच्याभोवती अख्खी वस्ती आहे, तिचा वाढत्या वयाचा मुलगा आहे, उद्याची भ्रांत आहे. होर्डिंगवर यातलं काहीच नव्हतं. तिथे होती फक्त ओलेती बाई. स्मिताने याबद्दलची नाराजी उघडपणे बोलून दाखवली. याच भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

गल्लाभरू सिनेमा आणि गंभीर सिनेमा यांच्यातली रेषा आपण बहुतेकदा भलत्याच ठिकाणी शोधतो. किती अंग दाखवलं, किती रक्त सांडलं, हे मोजत बसतो. ‘चक्र’मध्ये बाई तीच, प्रसंगही तोच. तो पडद्यावर एका आयुष्याचा भाग होता. जाहिरातीने त्याचं आमिष केलं. प्रेक्षकाला काय पाहायला बोलावलं आहे, ते आधी बघावं, असं मला वाटतं.

डाकू फूलन देवीच्या खऱ्या आयुष्यावरचा शेखर कपूर यांचा ‘बँडिट क्वीन’ याहून अवघड आहे. त्यात फूलनला विवस्त्र करून गावासमोर चालवत विहिरीवर नेतात, पाणी काढायला लावतात. हा प्रसंग अश्लील आहे, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १ मे १९९६ रोजी न्यायालयाने चित्रपटाच्या बाजूने निकाल दिला. चित्रपट समग्र पाहावा, या नग्नतेने वासना चाळवत नाही, फूलनबद्दल कणव आणि अत्याचार करणाऱ्यांबद्दल घृणा वाटते, असा त्या निकालाचा आशय होता. मला तो पूर्ण पटतो. तो प्रसंग पाहताना माझी नजर सारखी त्या उभ्या राहून बघणाऱ्या गावाकडे जाते. बाईची विटंबना पाहून चेकाळावं असं त्यात काहीही नाही.

पण ही तक्रार फूलनची नव्हती. तिची वेगळी होती, आणि ती आधीच होऊन गेली होती. १९९४ साली तुरुंगातून सुटलेली फूलन त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. माझ्यावर जे झालं ते, मी जिवंत असताना, मला न विचारता जगाला दाखवणारे तुम्ही कोण, असा तिच्या म्हणण्याचा अर्थ होता. न्यायालयाने तिचा खासगीपणाचा हक्क मानला आणि चित्रपटाला तात्पुरती मनाई केली. अरुंधती रॉय यांनी त्या वर्षी हाच मुद्दा कडाडून मांडला. या प्रश्नाला कलेच्या दर्जाचं उत्तर चालत नाही. उत्तम अभिनय, संयत कॅमेरा, दिग्दर्शकाचा प्रामाणिक संताप, हे सगळं असूनही तो प्रश्न तसाच उरतो. कल्पनेतल्या नायिकेची परवानगी लागत नाही. फूलन कल्पनेतली नव्हती.

पुढे तिने निर्मात्या वाहिनीकडून, चॅनल फोरकडून, पैसे घेऊन तडजोड केली. म्हणजे तिला पैसेच हवे होते, असा निष्कर्ष काढणारे आजही भेटतात. मला तो क्रूर वाटतो. अकरा वर्षं तुरुंगात काढलेली, लिहिता-वाचता न येणारी, डोक्यावर खटल्यांचं ओझं असलेली बाई एका परदेशी वाहिनीशी किती काळ लढणार होती? आणि ज्या कहाणीवर सगळ्यांनी नाव कमावलं, तिचा मोबदला तिनेच का नाकारावा?

‘बँडिट क्वीन’ला मी गल्लाभरू म्हणणार नाही. तो मोठा चित्रपट आहे. तरी विहिरीवरचा तो प्रसंग फूलनच्या होकाराशिवाय पडद्यावर यायला नको होता, आणि त्यावाचून चित्रपट थोडा उणा राहिला असता, तर ते मला चाललं असतं.