कॅमेऱ्याचे खाडे



ज्या व्याख्यानमालेचा पाया १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी घातला, तिच्या व्यासपीठावर मोठमोठ्या विषयांची चर्चा होत आलेली आहे. आज आम्ही मात्र एका बोटाच्या पेराएवढ्या दिव्याविषयी बोलणार आहोत. आपल्या दारावर, जिन्यात किंवा दिवाणखान्यात पहाऱ्याचा जो कॅमेरा बसवलेला असतो, त्याच्या कपाळावरचा हा दिवा. वायफायची शक्ती कमी पडली की तो तांबड्या किंवा नारिंगी रंगाने उघडझाप करू लागतो. विषय लहान आहे खरा. पण या दिव्याकडे न पाहिल्यामुळे एका बाईची भाकरी जाताना आम्ही पाहिली, म्हणून तो निवडला.

प्रथम आमची ओळख. आम्ही सातवीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण कारखान्याच्या खात्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. कारखान्यात आम्ही वायरमनच्या हाताखाली होतो. तेथे एका यंत्रावर तेल कमी झाल्याचा इशारा देणारा तांबडा दिवा होता. तो वारंवार लागे, यंत्र थांबवावे लागे, उत्पादन अडे. शेवटी कोणीतरी दिव्याचा बल्बच काढून ठेवला! पुढे व्हायचे तेच झाले. बेअरिंग जळून यंत्र जाम झाले आणि आरोपपत्र मिळाले ते यंत्र चालवणाऱ्या कामगाराला. चौकशीत आम्ही खात्याची नोंदवही पुढे ठेवली. दिवा किती दिवस पेटत होता आणि कोणत्या तारखेपासून दिसेनासा झाला, हे तीत स्पष्ट होते. आरोप मागे घेतला गेला. त्या दिवसापासून आम्ही युनियनच्या कामात पडलो आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली : इशारा बंद केल्याने बिघाड बंद होत नाही, त्याचे खापर मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर फुटते.

आता आम्ही घरकामगार आणि सोसायट्यांचे वॉचमन यांच्यात काम करतो. पहारेकऱ्यांसाठी १९८१ साली आणि घरेलू कामगारांसाठी २००८ साली आपल्या राज्याने कायदे केले. परंतु कायदा कागदावर असतो आणि संशय दारात असतो. एके दिवशी आमच्या सभासद असलेल्या एक बाई रडत आल्या. म्हणाल्या, “भाऊ, मी त्या डब्याला हातसुद्धा लावलेला नाही. आणि काकू म्हणतात, बांगडी गेली त्याच वेळेला तू कॅमेरा बंद केलास.” डबा म्हणजे कॅमेरा. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांपासून अकरा चाळीसपर्यंतचे चित्रण त्यात नव्हते. बाई त्याच वेळी घरात होत्या. मालकांच्या मते एवढा पुरावा पुरेसा होता.

आम्ही एका तरुण इलेक्ट्रिशियन सभासदाला घेऊन त्या घरी गेलो. काका-काकू सज्जन माणसे. चहा पुढे केला. कॅमेरा दारावर होता आणि त्याच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी होती. विचारले तेव्हा काका म्हणाले, “रात्रभर नारिंगी उघडझाप करतो, झोप लागत नाही.” किती दिवसांपासून? “झाले की दोन महिने.” आम्हाला आमचा तो काढून ठेवलेला बल्ब आठवला.

आता हा दिवा काय सांगतो, ते पाहू. वायफाय म्हणजे बिनतारी लहरी. जगदीशचंद्र बोस यांनी १८९४ ते १८९६ या काळात कलकत्त्यास अशाच जातीच्या, पण फार आखूड लहरींचे प्रयोग केले आणि तारेवाचून पलीकडची घंटा वाजवून दाखवली. आपल्या घरातील राउटर साधारणपणे दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे पाच इंच लांब असते. ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही आखूड. लांब लहर भिंतीतून बरी जाते. आखूड लहर माहिती अधिक वेगाने नेते, पण भिंतीपाशी लवकर थकते. घरगुती कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांना केवळ २.४ चीच भाषा कळते. वायफायचे पहिले प्रमाणित नियम १९९७ साली ठरले. पण भिंतीचे नियम त्याहून जुने आहेत. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाईवर येते. घरात त्यावर विटांची भिंत, सळयांचा स्लॅब, लोखंडी सेफ्टी डोअर, मोठा आरसा, पाण्याची टाकी, असा प्रत्येकजण आपापला वाटा कापून घेतो. मजुराच्या हातात पडेपर्यंत मजुरीचे जे होते, तेच या लहरीचे होते.

आणखी एक गैरसमज. लोक म्हणतात, “त्याच जागी माझ्या मोबाइलवर सिनेमा छान दिसतो, मग कॅमेऱ्यालाच काय धाड भरली?” मोबाइल सिनेमा घेतो आणि पुढचा थोडा भाग आधीच साठवून ठेवतो. कॅमेरा चित्र पाठवतो, आणि तेही अखंड. स्वच्छ चित्राला सेकंदाला दोन ते चार मेगाबिट लागतात. शिवाय राउटरचा आवाज मोठा, कॅमेऱ्याचा बारीक. साहेबाचे बोलणे कामगाराला ऐकू जाते. कामगाराचे साहेबापर्यंत पोचतेच असे नाही.

दिवा उघडझाप करू लागला म्हणजे काय करावे? क्रम सांगतो, तो मोडू नये, कारण क्रम मोडला की पैसे जातात आणि दोष राहतो.

पहिली पायरी, दिवा वाचणे. रंगांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे. सामान्यतः स्थिर दिवा म्हणजे जोडणी झाली आणि उघडझाप म्हणजे शोध चालू आहे. पण खात्री खोक्यातील माहितीपत्रकावरूनच करावी. दिवा केव्हा बिघडतो ती वेळ वहीत लिहावी. दर वेळी मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम करताना बिघडत असेल, तर कारण सापडलेच; ती भट्टीही २.४ च्याच पट्टीत गोंगाट करते.

दुसरी पायरी, वीज. लांब आणि बारीक वायरीने कॅमेऱ्यापर्यंत दाब पुरा पोचत नाही; तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि आपण वायफायला शिव्या देतो. बॅटरीचा कॅमेरा असेल तर ती भरलेली आहे ना, हे पाहावे. राउटरचा पासवर्ड अलीकडे बदलला असेल, तरी कॅमेरा बिचारा जुन्याच किल्लीने दार उघडत बसतो.

तिसरी पायरी सर्वांत मोलाची, आणि तिला दमडीही लागत नाही. कॅमेरा उतरवून राउटरपासून आठ-दहा फुटांवर ठेवावा आणि पंधरा मिनिटे वाट पाहावी. दिवा स्थिर झाला, तर कॅमेरा निर्दोष आहे आणि दोष वाटेतला आहे. तेथेही उघडझाप चालूच राहिली, तर वीज, पासवर्ड, राउटर, बाहेरून येणारी इंटरनेटची जोडणी किंवा खुद्द कॅमेरा यांत दोष शोधावा. ही परीक्षा न करता नवा कॅमेरा आणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. नवाही त्याच जागी त्याच रंगाने उघडझाप करतो.

चौथी पायरी, वाट मोजणे. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये किंवा मोबाइलवरील साध्या ॲपमध्ये शक्तीचा आकडा दिसतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत चित्राला ठीक, उणे ७० च्या खाली गेला की रडकथा सुरू. दहाचा फरक म्हणजे शक्तीत दसपट फरक, हे ध्यानात ठेवावे.

मग उपाय, स्वस्त आधी, महाग शेवटी. राउटर कपाटातून, टीव्हीच्या पाठीमागून बाहेर काढून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, घराच्या मध्याकडे ठेवावा. सोसायटीत शेजारपाजारचे राउटर एकाच वाटेवर गर्दी करतात, तेव्हा २.४ च्या पट्टीत १, ६ आणि ११ या एकमेकींना न अडवणाऱ्या वाटांपैकी मोकळी निवडावी. एवढ्याने भागले नाही तर रिपीटर घ्यावा. पण तो कॅमेऱ्याला चिकटवून ठेवू नये. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो निरोप काय पोचवणार? त्याला अर्ध्या वाटेवर, जेथे त्याची स्वतःची शक्ती चांगली आहे तेथे ठेवावे. आणि कॅमेऱ्याला तार जोडण्याची सोय असेल, तर तारेसारखे दुसरे काही नाही. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालावे, म्हणजे जोडणी तुटली तरी चित्रण पुष्कळदा आतल्या आत चालू राहते. आणि दिवे इन्व्हर्टरवर घेतलेत तसा राउटरही घ्या. वीज गेली आणि राउटर झोपला, तर जागा कॅमेरा कोणाला निरोप देणार? दर वेळी कॅमेरा पुसून पहिल्यापासून जोडण्याची मात्र घाई करू नये. त्याने कारण सापडत नाही, सेटिंग तेवढे जाते.

त्या घरी आम्ही याच क्रमाने गेलो. कॅमेरा राउटरजवळ नेला, दिवा स्थिर. दारावर लावला, आकडा उणे ७८. चौकशीअंती कळले, दोन महिन्यांपूर्वी मुलाने घरूनच ऑफिसचे काम करण्यासाठी राउटर मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या पाठीमागे नेला होता. शक्ती काठावर आली होती. कधी धागा टिके, कधी तुटे.

तरीही काकू म्हणाल्या, “पण नेमका त्याच दिवशी, त्याच वेळी कसा बंद पडला?” प्रश्न योग्य होता. युनियनच्या माणसाला अशा वेळी एकच सुचते, हजेरीपट. काकूंच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिका होती आणि तीवर बाईंचे खाडे फुल्या मारून मांडलेले होते. आम्ही म्हटले, “काकू, बाईंचे खाडे तुम्ही मांडलेत, आता कॅमेऱ्याचे खाडे मांडू.” ॲपमध्ये जोडणी तुटल्याच्या वेळा होत्या. शेजारी बसून त्याच दिनदर्शिकेवर निळ्या पेनाने टिंबे दिली. दोन महिन्यांत एकतीस टिंबे पडली. त्यांतील नऊ टिंबे बाईंच्या फुल्यांवर पडली होती. त्यांतली चार तर बाई गावी यात्रेला गेल्या होत्या त्या दिवसांची. ज्या दिवशी बाई घरातच काय, जिल्ह्यातही नव्हत्या, त्या दिवशीही कॅमेरा बंद पडत होता. काकू बराच वेळ दिनदर्शिकेकडे पाहत राहिल्या. मग काकांनी उठून दिव्यावरची पट्टी ओढून काढली.

राउटर दिवाणखान्यात आणला. दारावरचा आकडा उणे ६१ झाला आणि दिवा शांत झाला. बांगडीचे पुढे काय झाले, ते आम्हाला कळले नाही. तो शोध आमचा नव्हता. काकूंनी बाईंना बोलावून चूक कबूल केली आणि राहिलेला पगार दिला. बाईंनी पगार घेतला, नमस्कार केला आणि त्या घरी पुन्हा काम धरले नाही. आम्ही आग्रह केला नाही. दिवा दुरुस्त करता येतो. मोडलेल्या विश्वासाला रिपीटर मिळत नाही.

कॅमेरा ठेवू नका, असे आम्ही म्हणत नाही. चोरी होते, आणि आमच्या वॉचमन बंधूंना खोट्या आरोपातून कॅमेऱ्यानेच सोडवल्याचेही आम्ही पाहिले आहे. पण जो साक्षीदार स्वतःच सांगतो आहे की ‘मला नीट ऐकू येत नाही, मी मधून मधून गैरहजर असतो’, त्याचे तोंड पट्टीने बांधायचे आणि त्याच्या मौनावरून दुसऱ्याला चोर ठरवायचे, हा न्याय नव्हे. चित्रण नसणे म्हणजे फक्त चित्रण नसणे. तो कोणाच्याही गुन्ह्याचा पुरावा होत नाही.

आज घरी गेल्यावर दार उघडण्यापूर्वी एकदा मान वर करून त्या दिव्याकडे पाहा. तो उघडझाप करीत असेल, तर उद्या सकाळी पंधरा मिनिटे काढा आणि कॅमेरा राउटरजवळ नेऊन पाहा. आणि कधी चित्रणात खंड सापडला, तर माणसाला हाक मारण्याआधी कॅमेऱ्याचे खाडे मांडा.