सहा तासांनी तुटणारी लाइन



२०२५च्या ३० सप्टेंबरला अमेरिकेतल्या एओएल कंपनीनं आपली डायल-अप इंटरनेट सेवा बंद केली. तीन दशकांहून जास्त काळ ती चालू होती. ही बातमी ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरणारं अजून कुणी उरलं होतं का? उरलं होतं. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या २०२३च्या पाहणीत सुमारे १ लाख ६३ हजार घरं अशी निघाली, की जिथं इंटरनेट म्हणजे फक्त डायल-अप. त्या जोडणीच्या एका जुन्या दुखण्याविषयी आज मी बोलणार आहे. सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं, आणि चार-सहा तासांनी लाइन आपोआप तुटते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जी मराठी कुटुंबं न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात जाऊन राहिली, त्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. अपार्टमेंटमध्ये फोनची लाइन एकच. म्हणून मोठी फाइल उतरवायची ती रात्री, सगळे झोपल्यावर. एका सीडीत मावणारी साडेसहाशे मेगाबाइटची फाइल घेतली आणि सेकंदाला पाच किलोबाइट वेग मिळाला, तरी छत्तीस तास लागायचे. मॉडेमच्या खोक्यावर ‘५६के’ छापलेलं असे. पण फोनच्या तारेवर किती जोराचा संदेश सोडायचा याला एफसीसीनं, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगानं, मर्यादा घातली होती. त्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला ५३.३ किलोबिटच्या वर कुणी जात नसे, आणि घर एक्स्चेंजपासून लांब असलं तर तेवढंही नाही. अशात सहा तासांनी लाइन गेली, की तोवर आलेले शंभर-सव्वाशे मेगाबाइट पुष्कळदा वायाच जात, कारण त्या वेळच्या ब्राउझरना अर्धवट राहिलेली फाइल पुढे चालू करणं सहसा जमत नसे.

लाइन का तुटते हे शोधण्याआधी ती कधी तुटते ते पाहावं, असं माझं मत आहे. आठवडाभर एका कागदावर वेळ लिहून ठेवली, तर निम्मं निदान तिथंच होतं.

बाहेरून फोन आला की लाइन जात असेल, तर दोष ‘कॉल वेटिंग’चा. दुसरा फोन आल्याची ती ‘टूक’ मॉडेमच्या संभाषणात घुसते, आणि पलीकडचं मॉडेम गेलं असं समजून इकडचं मॉडेम फोन ठेवून देतं. त्यावर अमेरिकेत उपाय सोपा होता: नंबर फिरवण्याआधी स्टार ७० दाबायचं, म्हणजे तेवढ्या कॉलपुरतं कॉल वेटिंग बंद. पण त्याची किंमत मराठी घरांना वेगळीच मोजावी लागे. भारतातून येणारा फोन महागडा आणि वेळ ठरवून केलेला. स्टार ७० लावून कुणी नेटवर बसलं असेल, तर सांगलीहून फोन लावणाऱ्या आईला पलीकडून फक्त ‘एंगेज’ टोन ऐकू यायचा. २००० साली व्ही.९२ नावाचं मानक आलं. नेटची जोडणी थोडा वेळ थांबवून आलेला फोन घ्यायची सोय त्यात होती, पण तोवर बऱ्याच घरांनी दुसरी लाइन तरी घेतली होती किंवा केबलकडे मोर्चा वळवला होता.

पाऊस पडला किंवा बर्फ वितळलं की लाइन जात असेल, तर पाणी बाहेरच्या केबलच्या जोडात शिरतंय. फोन कानाला लावला की खरखर ऐकू येते. हे काम टेलिफोन कंपनीचं. बारीकशी खरखर असेल तर मॉडेमला थोडा धीर धरायला शिकवता येतं. मॉडेमच्या आज्ञांमध्ये एस-१० नावाचा एक आकडा असतो. पलीकडचा आवाज हरवल्यावर किती दशांश सेकंद वाट पाहायची, हे तो ठरवतो. तो साधारणपणे १४ असे, म्हणजे दीड सेकंदाहूनही कमी. तो वाढवला की क्षणभराच्या व्यत्ययानं लाइन पडत नाही. संगणकावर जड काम सुरू केलं की जोडणी जात असेल, तर तो बहुधा स्वस्तातला ‘विनमॉडेम’. स्वतःचं काम तो संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेतो, आणि प्रोसेसर गुंतला की अडकतो.

आणि लाइन दर वेळी जोडल्यापासून अगदी तेवढ्याच तासांनी तुटत असेल, तर? चार तास, सहा तास, आठ तास, आणि मिनिटाचाही फरक नाही. तेव्हा घरातली वायर बदलू नये, मॉडेमही बदलू नये. तार आपणहून अशी घड्याळ लावून तुटत नाही. ती पलीकडून तोडली जाते.

हे कसं होतं ते सांगतो. आपण नाव आणि पासवर्ड दिला की सेवा देणारी कंपनी तो एका सर्व्हरकडून तपासून घेते. त्यासाठी ‘रेडियस’ नावाची पद्धत वापरतात. १९९१च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस या कंपनीनं मिशिगनच्या मेरिट नेटवर्कसाठी ती तयार केली, आणि पुढे ती जगभर रूढ झाली. ‘या ग्राहकाला आत घ्या’ असं उत्तर देताना हा सर्व्हर सोबत दोन आकडे पाठवू शकतो. एक ‘आयडल टाइमआउट’: इतका वेळ काही हालचाल नसेल तर तोडा. दुसरा ‘सेशन टाइमआउट’: हालचाल असो वा नसो, इतक्या सेकंदांनी तोडा. तिथं २१६०० लिहिलं की बरोबर सहा तास. दर मिनिटाला काहीतरी पाठवत राहणारे छोटे प्रोग्राम लोक वापरत. त्यांनी पहिल्या आकड्याला चकवता येत होतं, दुसऱ्याला नाही. आणि हा दुसरा आकडा ग्राहकाच्या पडद्यावर कुठंच दिसत नसे.

कंपन्या असं का करत, यामागचं कारणही समजून घ्यायला हवं. मॉडेम थोडे आणि ग्राहक पुष्कळ, साधारण दहा ग्राहकांमागे एक मॉडेम, या हिशोबावर हा धंदा उभा होता. टेलिफोन एक्स्चेंजचंही तसंच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञानं १९०९ पासून जे गणित मांडलं, त्यावर जगभरची एक्स्चेंजेस बेतली गेली, आणि त्यात माणूस सरासरी तीन-चार मिनिटं बोलेल असं धरलं जाई. भारतात लोकल कॉललाही मीटर होता. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं इंटरनेट आणलं, तेव्हा आपली माणसं मेल वाचून झाली की स्वतःच घाईनं लाइन बंद करत. अमेरिकेत बहुतेक घरांना लोकल कॉल महिन्याच्या ठरावीक भाड्यात मिळत, आणि इंटरनेट कंपन्यांनाही टेलिफोन कंपन्यांचं दर मिनिटाचं शुल्क द्यावं लागत नव्हतं. एफसीसीनं १९८३ मध्ये दिलेली ती सवलत १९९७ मध्येही कायम ठेवली. लाइन धरून ठेवायला एक सेंट पडत नसेल, तर ती कोण सोडेल?

१ डिसेंबर १९९६ला एओएलनं तासावारी आकारणी सोडून महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवं तेवढं इंटरनेट द्यायला सुरुवात केली. लाखो लोक एकदमच आत आले आणि बाहेर पडेनात, कारण एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत शिरता येईल याची खात्री नव्हती. उरलेल्यांना तासन्तास एंगेज टोन. अनेक राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी दटावल्यावर जानेवारी १९९७ मध्ये कंपनीनं ग्राहकांना पैसे परत करायचं कबूल केलं. तेव्हा सहा तासांनी एकाला बाहेर काढून दुसऱ्याला जागा द्यावी, यात मला अन्याय दिसत नाही. अन्याय आहे तो जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ लिहिण्यात आणि सहा तासांची गोष्ट करारातल्या बारीक अक्षरांत ठेवण्यात. आपली लाइन नियमानं तोडली जाते हे माहीत नसलेला माणूस दुरुस्तीवाल्याला बोलावतो, नवं मॉडेम आणतो, ग्राहक सेवेच्या फोनवर अर्धा-अर्धा तास ताटकळतो, आणि त्याला पुन्हा सांगितलं जातं की तुमच्याच वायरिंगमध्ये काहीतरी असेल.

ज्यांना कळलं, त्यांनी वाट काढली. साडेपाच तास झाले की आपणच लाइन सोडायची आणि लगेच पुन्हा जोडायची. किंवा विंडोजला सांगून ठेवायचं, की तुटल्यावर आपोआप पुन्हा नंबर फिरव. गेटराइटसारखे डाउनलोड मॅनेजर अर्धवट फाइल जिथं थांबली तिथून पुढे आणत. सर्व्हरची त्याला साथ असली की छत्तीस तासांची फाइल सात रात्रींत का होईना, पण पूर्ण होई.

आता जी घरं या तारेवर उरली आहेत, त्यांची परिस्थिती वेगळी आहे. काही ठिकाणी केबल अजून पोचलेली नाही, काही घरांना तिचं महिन्याचं बिल झेपत नाही. गरीब कुटुंबांना ब्रॉडबँडसाठी महिन्याला ३० डॉलरपर्यंत मदत देणारी एक सरकारी योजना होती. तिचा लाभ २ कोटी ३० लाखांहून जास्त कुटुंबं घेत होती. निधी संपला आणि १ जून २०२४ला ती बंद झाली. त्याच वर्षी एफसीसीचा एक चांगला नियमही लागू झाला. एप्रिलपासून मोठ्या आणि ऑक्टोबरपासून लहान इंटरनेट कंपन्यांना, खाण्याच्या पाकिटावर असतो तसा माहितीचा तक्ता ग्राहकापुढे ठेवणं बंधनकारक झालं: दर किती, वेग किती, डेटाची मर्यादा किती. पण ज्या व्याख्येवर हा नियम उभा आहे, तिच्यात डायल-अप सेवा स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. म्हणजे ज्यांची जोडणी घड्याळ लावून तोडली जाऊ शकते, नेमक्या त्यांनाच ते घड्याळ किती तासांचं आहे हे सांगायला कंपनी बांधलेली नाही. तक्त्यात एवढी एक ओळ घालायला फारसा खर्च येणार नाही. एओएल गेल्यावर त्या घरांतली जी कुटुंबं दुसऱ्या एखाद्या डायल-अप कंपनीकडे वळली असतील, त्यांच्यासाठी ती आजच घालायला हवी.