किरणांच्या वाटेवरील भिंत

कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या दिवसातील काही मिनिटे विलक्षण एकांताची असतात. तंत्रज्ञ त्याला मेजावर निजवतो, त्याच्या अंगावर आखलेल्या खुणा प्रकाशरेषांशी जुळवून घेतो, धीराचे दोन शब्द बोलतो आणि खोलीबाहेर निघून जातो. मागोमाग दार बंद होते. जवळ डॉक्टर नाही, परिचारिका नाही, सोबतीला आलेले माणूस नाही. यंत्र मंद घरघरत त्याच्याभोवती फिरते. काही टोचत नाही, काही भाजत नाही. थोड्या वेळाने दार उघडते आणि रुग्ण बाहेर येतो. पलीकडच्या बाकावर त्याची पत्नी डबा सांभाळीत बसलेली असते. इतका वेळ त्या दोघांमध्ये सुमारे दोन मीटर जाडीचे काँक्रीट उभे होते, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात येत नाही. ती ध्यानात येण्याचे कारण पडू नये, याचसाठी एका स्थापत्य अभियंत्याने कित्येक दिवस आकडेमोड केलेली असते.

ही भिंत एवढी जाड का झाली, याला थोडा इतिहास आहे. राँटगेन याने १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले. क्यूरी दांपत्याने १८९८ साली रेडियमचा शोध लावला. या किरणांनी गाठी विरतात हे वैद्यांना लवकरच कळले. पण त्यांनी निरोगी हातही जळतात, हे कळण्यासाठी कित्येक संशोधकांना आपली बोटे व काहींना प्राण गमवावे लागले. लेडी मेहेरबाई टाटा यांचा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने अंत झाला. पुढे सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने मुंबईत परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्या काळची क्ष-किरण यंत्रे दोनशे-अडीचशे किलोव्होल्टची असत. शिशाचा काही मिलिमीटर जाडीचा पत्रा त्या किरणांना अडवावयास पुरे पडे. खोली साधीच असे. पत्रा तेवढा भिंतीला ठोकीत.

१९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० वापरून उपचार सुरू झाले आणि हे चित्र पालटले. त्यानंतर लाखो व्होल्टचे क्ष-किरण निर्माण करणारे रेषीय वेगवर्धक आले. हे किरण शरीरात खोलवर पोहोचतात आणि कातडीला कमी इजा करतात. पण जे किरण देहाच्या आत खोल शिरतात, ते भिंतीतही तसेच शिरतात. पत्र्याचे काम आता काँक्रीटकडे आले, आणि उपचाराची खोली हा वैद्यकाइतकाच स्थापत्याचा विषय झाला.

सामान्य इमारतीचा अभियंता एकाच शक्तीशी झुंजत असतो. ती म्हणजे गुरुत्वाकर्षण. वारा व भूकंप यांचाही विचार तो करतो, पण भिंत किती जाड करावयाची हे मुख्यतः तिच्यावरील भार ठरवतो. किरणोपचाराच्या खोलीत हा क्रम उलटतो. येथे जाडी किरण ठरवतात, आणि त्या जाडीचे ओझे कसे पेलावे हा प्रश्न मागाहून येतो.

जाडी ठरविताना तीन प्रश्न विचारतात. यंत्र आठवड्यात किती काम करणार? त्यातला किती वेळ किरणांचा झोत या भिंतीकडे वळलेला असणार? आणि भिंतीपलीकडे कोण, किती वेळ बसणार? यांपैकी तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पलीकडे जिना असेल तर तेथे माणूस क्षणभरच असतो. कारकुनाची खोली असेल तर तो दिवसाचे आठ तास, वर्षानुवर्षे, त्याच खुर्चीवर असतो. त्या कारकुनाला रोग झालेला नाही व किरणांपासून काही लाभही व्हावयाचा नाही. म्हणून त्याच्या वाट्याला वर्षाकाठी एक मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मात्रा येता कामा नये, असा दंडक आहे. पृथ्वीवरील माणसाला निसर्गाकडूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे हा दंडक किती कडक आहे ते समजेल.

एक उदाहरण घेऊ. साठ लाख व्होल्टचे यंत्र आठवड्याला, उगमापासून एक मीटरवर, ५०० ग्रे इतकी मात्रा देते असे धरावे. कारकुनाची खुर्ची उगमापासून सहा मीटरवर आहे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात किरण विरळ होतात, म्हणून तेथे छत्तिसावा भाग पोहोचेल. झोत त्या दिशेला एकूण वेळेच्या चतुर्थांशच असतो. म्हणजे भिंतच नसती तर त्या खुर्चीवर आठवड्याला सुमारे साडेतीन ग्रे मात्रा पडली असती; पडावयास हवी ती केवळ ०.०२ मिलिसीव्हर्ट. भिंतीने किरण पावणेदोन लाख पटींनी क्षीण केले पाहिजेत! या किरणांचा दहावा भाग उरावयास पहिल्यांदा सुमारे ३७ सेंटिमीटर आणि पुढे दर वेळी सुमारे ३३ सेंटिमीटर काँक्रीट लागते. असे सव्वापाच थर रचले की भिंत पावणेदोन मीटरांच्या वर जाते. यंत्र दीड कोटी व्होल्टचे असेल, तर त्याच हिशेबाने ती सुमारे २.२ मीटर होते.

चारही बाजूंना एवढी जाडी लागत नाही. यंत्राचा झोत एका उभ्या वर्तुळात फिरतो. म्हणून दोन भिंती व छत यांवरून एक जाड पट्टा जातो. इतरत्र केवळ विखुरलेले व यंत्रातून झिरपणारे किरण येतात, तेथे एक-सव्वा मीटर पुरते. छतावर कोणी राहत नसले तरी ते पातळ ठेवून चालत नाही, कारण वर गेलेले किरण हवेवर आपटून पुन्हा जमिनीकडे परततात.

मग प्रश्न येतो दाराचा. भिंतीइतके जाड दार कोण ओढणार? यावरची युक्ती जुन्या किल्ल्यांच्या वेशीची आठवण करून देते. शत्रूचा हत्ती सरळ धावत येऊन दारावर धडकू नये म्हणून किल्ल्याची वाट वळवून नेत. येथेही खोलीत शिरण्यासाठी वळणाचा बोळ ठेवतात. किरण सरळ जातो. वळावयाचे तर त्याला भिंतीवर आपटावे लागते, आणि प्रत्येक आपटण्यात तो दुर्बळ होतो. बोळाच्या टोकाला मग हलके दार चालते. एक कोटी व्होल्टच्या वरच्या यंत्रांत मात्र न्यूट्रॉनही निर्माण होतात व ते बोळातून बाहेरपर्यंत येतात. त्यांच्यासाठी दारात बोरॉन मिसळलेले पॉलिथीन भरावे लागते. हवेच्या नळ्या आणि विजेच्या तारा यांनाही सरळ वाट देत नाहीत. त्या वाकवून, तिरप्या नेतात.

आता या भिंतींचे ओझे पाहू. राहत्या घराच्या छताचे वजन चौरस मीटरला साधारण साडेतीनशे किलो असते. येथल्या जाड पट्ट्याचे पाच टनांवर जाते. सबंध खोलीचे काँक्रीट शेकडो टनांचे होते. म्हणूनच या खोल्या बहुधा तळमजल्यावर किंवा तळघरात असतात. खालची जमीन भार घेते, बाजूची माती फुकटात किरण अडवते. पाया मात्र असमान खचता कामा नये. कारण यंत्राचा नेम एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा असतो. शेजारच्या हलक्या इमारतीपासून ही जड पेटी वेगळी राखावी लागते, नाहीतर एक खचते, दुसरी खचत नाही आणि मधला सांधा फाटतो.

खरी परीक्षा काँक्रीट घालताना होते. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना उष्णता देते. पातळ स्लॅबमधून ती निघून जाते. दोन मीटर जाड भिंतीच्या पोटात ती कोंडते. गाभा तापून फुगतो, कवच थंड होऊन आकसते आणि भिंतीला चिरा पडतात. म्हणून गाभ्याचे तापमान ७० अंशांपुढे जाऊ देत नाहीत आणि गाभा व पृष्ठभाग यांतील फरक २० अंशांच्या आसपास राखतात. त्यासाठी सिमेंटचा काही भाग काढून औष्णिक वीजकेंद्रांतील राख मिसळतात, पाण्याऐवजी बर्फ घालतात, उन्हाळ्यात काम रात्री करतात. काम शक्यतो न थांबता चालते. थांबावेच लागले तर सांधा पायरीसारखा ठेवतात, म्हणजे किरणाला आरपार फट सापडत नाही. जागा अपुरी असेल तेथे खडीऐवजी बराइटसारखा जड दगड वापरतात. आंध्र प्रदेशात मंगमपेट येथे त्याचे मोठे साठे आहेत. त्याने भिंत पातळ होते. पण जड खडी तळाशी बसू पाहते, त्यामुळे मजुरांवर अधिक काटेकोर देखरेख लागते.

प्रोटॉन किरणांनी तर हे प्रमाण आणखी वाढविले आहे. चेन्नई येथे २०१९ साली आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत २०२३ साली हे उपचार सुरू झाले. त्यासाठी लागणाऱ्या सायक्लोट्रॉनचे एक धूड सुमारे २२० टनांचे असते. ते आत उतरविण्याची वाट इमारतीच्या पहिल्या आराखड्यातच राखावी लागते.

या सर्व खटाटोपात एक अवघड गोष्ट आहे. तुळई अशक्त असेल तर ती वाकते, तडकते, माणसाला पळावयास सवड देते. किरण अडविणाऱ्या भिंतीत मधमाशीच्या पोळ्यासारखी पोकळी राहिली, तर बाहेरून गिलावा गुळगुळीतच दिसतो. पलीकडे बसणाऱ्याला काही जाणवत नाही. जे व्हावयाचे ते कित्येक वर्षांनी होते आणि त्याचा संबंध भिंतीशी कोणी जोडीत नाही. म्हणून येथे विश्वासावर काम सोडलेले नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने आराखडा मान्य केल्यावाचून बांधकाम सुरू होत नाही. आणि पहिला रुग्ण मेजावर येण्यापूर्वी मापकयंत्र घेऊन भिंतीच्या बाहेरून चाचपणी करावी लागते.

जुन्या रुग्णालयांपुढे आणखी एक पेच असतो. कोबाल्टसाठी बांधलेल्या खोलीत वेगवर्धक बसवावा असे वाटते. पण कोबाल्टचे किरण दशांश करावयास जेथे सुमारे २२ सेंटिमीटर काँक्रीट पुरत होते, तेथे आता त्याच्या दीडपट लागते. मग पोलादाचे व शिशाचे जाड पत्रे जोडावे लागतात, आधीच लहान असलेली खोली अधिक लहान होते, आणि जुन्या पायाला नवे ओझे झेपेल काय, हे तपासावे लागते. जो अभियंता पहिल्याच वेळी पुढच्या यंत्राचा विचार करून भिंत अर्धा मीटर वाढवतो, तो त्या काळी खर्चिक ठरतो. पण वीस वर्षांनी त्याच गावात नवे यंत्र येऊ शकते ते त्याच्यामुळे.

आपल्या देशातील असंख्य रुग्ण उपचारासाठी शेकडो मैलांचा प्रवास करून मोठ्या शहरांत येतात. ही यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचावयाची असतील, तर यंत्राच्या किमतीबरोबर या भिंतींचा हिशेबही मांडावा लागेल. आणि भिंत नीट ओतण्याची विद्या लहान गावच्या ठेकेदाराला व मिस्त्रीलाही शिकवावी लागेल. कारण रात्रभर उभे राहून काँक्रीटवर व्हायब्रेटर चालविणारा मजूर ज्या माणसाचे रक्षण करीत असतो, तो रुग्ण नव्हे. तो असतो पलीकडे नोंदवहीवर वाकलेला कारकून, फरशी पुसणारी बाई, आणि आतल्या माणसाची वाट पाहत बाकावर बसलेली ती पत्नी.